भाड्याच्या घरातील थंडाव्याचा हिशेब



वसंताच्या व्याख्यानमालेत वसंताविषयी कुणी बोलावे अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र वसंतामागून येणाऱ्या उन्हाळ्याविषयी, आणि त्यातही भाड्याच्या घरातील वातानुकूलन यंत्राविषयी बोलणार आहोत. आम्ही इंजिनियर नव्हे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो ती सभेच्या निमित्तानेच. परंतु कामगारांच्या तक्रारी ऐकण्यात उभी हयात गेल्यामुळे एक गोष्ट आमच्या अंगी मुरली आहे. ती ही की, तक्रार घेऊन मालकाच्या दारी जावयाचे तर हाती आकडा असावा. "फार उकडते" ही तक्रार नव्हे, तो सुस्कारा होय. "दुपारी तीन वाजता आत इतके अंश आणि मीटरवर इतके युनिट" ही तक्रार होय. सुस्काऱ्याला उत्तर न देता येते. आकड्याला उत्तर द्यावेच लागते.

गेल्या मे महिन्यात आमच्या संघटनेचा एक तरुण सभासद नागपुरात आमच्या कचेरीत आला. कारखान्यात रात्रपाळी, म्हणजे झोप दिवसा. राहावयास तिसऱ्या मजल्यावरील, वर थेट गच्ची असलेली भाड्याची खोली. नागपूरचा मे आणि गच्चीचा स्लॅब यांची ज्यांना ओळख आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. खोलीत घरमालकांनी बसविलेला दीड टनाचा एसी होता, आणि त्यापायी भाडेही वरचढ होते. एसी दिवसभर चाले, खोली मात्र गार होत नसे. बिल असे येई की ओव्हरटाइमची कमाई त्यात जाई. घरमालकांना सांगितले, तर ते म्हणाले, "अरे भाऊ, मशीन तर बराबर चालून राहिली आहे न! तूच दार उघडं ठेवत असशील." तो बिचारा तीन रात्री यंत्रावर डुलक्या देत होता. ज्या हातांनी प्रेस चालवावयाचा त्या हातांना झोप नसली म्हणजे काय होते, हे आम्ही इस्पितळात जाऊन अनेकदा पाहिले आहे. तेव्हा प्रश्न चैनीचा नव्हता, बोटांचा होता.

आम्ही त्याला म्हटले, "भांडण उद्या करू. आज मोजू." ते मोजणे कसे करावयाचे, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की एसी थंडी तयार करतो. थंडी तयार करता येत नाही. उष्णता फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येते. एसी हा उष्णतेचा हमाल आहे. खोलीतली उष्णता उचलावयाची आणि भिंतीबाहेर नेऊन टाकावयाची, एवढेच त्याचे काम. हे ओझे तो वाहतो एका द्रवाच्या साहाय्याने, ज्याला बाजारात 'गॅस' म्हणतात. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत आर-३२ नावाचा गॅस असतो. तो उघड्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या सुमारासच उकळतो. द्रव उकळावयास उष्णता लागते, हे आपण चुलीवर रोज पाहतो. आतल्या युनिटच्या नळ्यांत हा द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून ओढून घेतो. पुढे कंप्रेसर त्या वाफेला दाबतो. दाबल्याने ती इतकी तापते की बाहेरच्या ४५ अंशांच्या हवेपेक्षाही गरम होते, आणि म्हणूनच त्या हवेत आपली उष्णता टाकू शकते. उष्णता टाकली की तिचा पुन्हा द्रव होतो आणि फेरा नव्याने सुरू होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, बाहेरच्या युनिटला मोकळी हवा हवी. हमालाला ओझे टाकावयास जागाच नसेल तर तो किती वाहणार? दुसरी, हा फेरा बंद नळ्यांतला आहे. त्यातील गॅस जळत नाही, झिजत नाही, संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" असे सांगणारा मेकॅनिक एकतर अडाणी असतो किंवा धंदेवाईक. गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

जाता जाता इतिहासातली एक गोष्ट सांगतो, कारण ती आम्हां कामगारांच्या जिव्हाळ्याची आहे. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा काबूत ठेवणारे यंत्र आखले. दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाई जुळत नसे, म्हणून. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर यांनी योजला तो कापडगिरण्यांतील हवेच्या संदर्भात, सूत तुटू नये म्हणून. म्हणजे हे यंत्र आधी कागदासाठी आणि सुतासाठी आले; कागद छापणाऱ्याच्या आणि सूत काढणाऱ्याच्या झोपेसाठी ते फार उशिरा आले. आता आले आहे, तर ते आपले काम नीट करते की नाही हे पाहण्याचा अधिकारही त्याच्याबरोबर आला पाहिजे.

'टन' या शब्दाचाही उलगडा करू. एसी एक टनाचा म्हणजे त्याचे वजन एक टन नव्हे. पूर्वी बर्फाच्या लाद्यांनी गारवा करीत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता हलविण्याची ताकद म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत ती सुमारे ३.५ किलोवॅट होते. दीड टनाचे यंत्र सुमारे सव्वापाच किलोवॅट उष्णता हलविते, आणि त्यासाठी वीज मात्र दीड किलोवॅटच्या आसपास खाते. खाल्लेल्या विजेच्या मानाने हलविलेली उष्णता किती, हीच यंत्राची कार्यक्षमता. एसीवरील लेबलावर जे तारे असतात ते हेच सांगतात. मात्र एक सावधगिरी ठेवावी. ताऱ्यांची कसोटी सरकार वेळोवेळी कडक करीत आले आहे. म्हणून जुन्या यंत्रावरील पाच तारे आणि नव्या यंत्रावरील पाच तारे सारखे नव्हेत. लेबलावर त्याचा काळ छापलेला असतो, तो वाचावा. शिवाय यंत्राची ताकद ठरविली जाते ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश झाले की तेच यंत्र कमी उष्णता हलविते आणि वीज जास्त खाते. हा यंत्राचा दोष नव्हे, आणि तो घरमालकाच्या माथी मारू नये.

आता प्रत्यक्ष तपासणी.

पहिली पायरी अशी की, आधी आपल्या बाजूचे झाडून घ्यावे, मग दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवावे. आतल्या युनिटचे पुढचे झाकण उचलले की जाळीदार फिल्टर दिसतो. यंत्र बंद करून तो काढावा, साध्या पाण्याने धुवावा, सावलीत पुरता वाळवून बसवावा. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करणे बरे. हे काम राहणाऱ्याचे, त्याला मेकॅनिक लागत नाही. याहून खोल मात्र हात घालू नये. आतील पंख्याचे आणि विजेचे भाग आपल्यासाठी नव्हेत.

दुसरी पायरी तापमानाची. घरात टांगावयाचे दोन साधे डिजिटल थर्मामीटर आणावेत. ताप पाहण्याचा थर्मामीटर येथे उपयोगी नाही, कारण त्याची धाव शरीराच्या तापमानापुरतीच असते. पिस्तुलासारखा रोखून धरावयाचा थर्मामीटरही नको. तो पृष्ठभागाचे तापमान सांगतो, हवेचे नव्हे. आणलेले दोन्ही थर्मामीटर आधी दहा-पंधरा मिनिटे शेजारी शेजारी ठेवून ते एकच आकडा दाखवितात की नाही हे पाहावे. फरक असेल तर तो लिहून ठेवून हिशेबात धरावा. तराजू आधी तपासावा, मग माल तोलावा.

मग दारे-खिडक्या लावून, रिमोटवर सर्वांत कमी तापमान आणि पंख्याचा मोठा वेग ठेवून यंत्र वीस मिनिटे चालवावे. कमी तापमान एवढ्यासाठी की कंप्रेसर मध्येच थांबू नये किंवा, इन्व्हर्टरचा असल्यास, मंदावू नये. त्यानंतर एक थर्मामीटर युनिटच्या माथ्यावर, जेथून हवा आत ओढली जाते तेथे धरावा, आणि दुसरा खालच्या फटीत, जेथून गार हवा बाहेर पडते तेथे. दोन्ही आकडे स्थिरावले की वजाबाकी करावी. फरक साधारण ८ ते १२ अंश असेल तर यंत्र आपले काम करीत आहे असे समजावे. पाच-सहा अंशांवरच अडत असेल तर काहीतरी बिनसले आहे.

परंतु येथे दोन खाचखळगे आहेत. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा दमट ठिकाणी, किंवा आपल्याकडे पावसाळ्यात, यंत्राची बरीच ताकद हवेतले पाणी काढण्यात खर्च होते आणि तापमानातला फरक कमी दिसतो. त्या वेळी बाहेरच्या नळीतून पाणी टपटपत असेल तर यंत्र राबते आहे असे जाणावे. उलट विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात नळी कोरडीच राहिली तरी घाबरू नये. हवेत पाणीच नाही तर टपकणार काय? दुसरा खळगा अधिक फसवा आहे. फरक चौदा-पंधरा अंशांचा दिसला म्हणून कुणी खूष होतो. पण हवा जर फुंकर घातल्यासारखी येत असेल तर फिल्टर किंवा आतल्या नळ्यांचा पंखा तुंबलेला असतो. थोडी हवा फार गार होणे म्हणजे कार्यक्षमता नव्हे. घासभर अन्न चविष्ट असले म्हणून पोट भरत नाही. म्हणून फरक आणि हवेचा जोर ही दोन्ही एकत्र पाहावीत.

तिसरी पायरी नळ्यांची. आतल्या युनिटकडून बाहेरच्या युनिटकडे तांब्याच्या दोन नळ्या जातात, एक जाड आणि एक बारीक. जोडणीपाशी जाड नळी हाताला चांगली गार लागावी. दमट हवेत तिला घामही यावा. जाड नळी कोमट आणि बारीक नळीवर मात्र बर्फाची पांढरी साय, असे दिसले तर गॅस कमी झाल्याचा दाट संशय घ्यावा. जोडणीच्या नटाजवळ तेलकट डाग दिसला तर गळतीची जागाही बहुधा तीच. बाहेरचे युनिट कुठे आहे तेही खिडकीतूनच पाहावे. ते भिंतीच्या बोळात कोंडले असेल, त्यासमोर पत्रे किंवा कपडे असतील, कबुतरांनी घरटे केले असेल, तर त्याने टाकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढून घेते. मात्र ते पाहण्यासाठी कठड्यावर चढू नका, आणि मेकॅनिकलाही पट्ट्याशिवाय तिसऱ्या मजल्याबाहेर लोंबकळू देऊ नका. आपल्या थंडाव्यासाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार कुणालाच नाही.

चौथी पायरी मीटरची, आणि ही आम्हांला सर्वांत प्रिय आहे. कारण मीटर कुणाची भीड धरीत नाही. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरच्या पाटीवर छापलेले असते. पुष्कळ मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून फक्त एसी चालू ठेवावा आणि मिनिटभरात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. त्या संख्येला ६० ने गुणून पाटीवरील आकड्याने भागले की किलोवॅट मिळतात. मिनिटात ८० वेळा लुकलुकला तर ८० गुणिले ६० म्हणजे ४८००, भागिले ३२००, उत्तर दीड किलोवॅट. हा आकडा एसीच्या पाटीवर छापलेल्या वॅटशी ताडून पाहावा. पुष्कळ जास्त असेल तर बहुधा बाहेरचे युनिट धुळीने माखले आहे किंवा कोंडले आहे. पुष्कळ कमी असूनही खोली गार होत नसेल तर गॅस कमी असण्याचा संभव मोठा. इन्व्हर्टरच्या यंत्रात हा आकडा वरखाली होतो, म्हणून तो पूर्ण जोरात चालत असतानाच मोजावा.

येथे कुणी विचारील की, यंत्र कमी वीज ओढते आहे, तर बिल का वाढते? याचे उत्तर आमच्या त्या सभासदाच्या खोलीतच मिळाले.

आम्ही त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा फिल्टरवर धुळीची गोधडी होती. ती चूक त्याची, आणि ती त्याला तेथेच दाखविली. फिल्टर धुतल्यावर हवेचा जोर वाढला. पण वरची हवा ३४ अंश आणि बाहेर पडणारी २९, म्हणजे फरक पाचच. बारीक नळीवर बर्फ, जाड नळी कोरडी. मीटरचा दिवा मिनिटात ६० वेळा, म्हणजे सव्वा किलोवॅटलाही थोडे कमीच. पाटीवर तर १६०० वॅट. यंत्र अर्ध्या पोटी राबत होते. खोली ठरविलेल्या तापमानाला कधी पोचतच नसल्यामुळे कंप्रेसर क्षणभरही थांबत नव्हता. त्याच्या झोपेच्या आणि विश्रांतीच्या दहा तासांत सुमारे सव्वाअकरा युनिट जात होते, आणि हाती येत होता घाम.

हे सारे एका कागदावर लिहिले. तारीख, वेळ, वरचे तापमान, खालचे तापमान, फरक, दिव्याची गणती, आणि शेवटच्या ओळीत 'फिल्टर धुतला नव्हता, ही चूक भाडेकरूची' असेही लिहिले. तो कागद घेऊन आम्ही खाली घरमालकांकडे गेलो. सेवानिवृत्त गृहस्थ, पेन्शन आणि भाडे यांवर दोघांचा संसार. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. शेवटच्या ओळीवर ते थांबले आणि म्हणाले, "हे तुम्ही स्वतः लिहून आणलं?" आम्ही म्हटले, "काकाजी, खरा हिशेब दोन्हीकडचा असतो." त्यानंतर आवाज चढला नाही. मेकॅनिक आला. बाहेरच्या युनिटच्या जोडणीवर तेलकट डाग होताच. त्याने जोडणी नव्याने केली, दाब देऊन गळती नाही याची खात्री केली, नळ्यांतली हवा ओढून काढली आणि पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस तोलून भरला. त्याच दुपारी पुन्हा मोजले. वर ३३, खाली २२, फरक अकरा. मीटरचा दिवा मिनिटात ८०. वीज आता जास्त ओढत होते, पण खोली गार झाली की कंप्रेसर थांबत होता. दहा तासांत चालला तो साडेपाच तास. सव्वाअकरा युनिटांच्या जागी सव्वाआठ. महिन्याला नव्वद युनिट वाचले. आणि बिलाचे दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे वाचलेले युनिट सर्वांत महाग टप्प्यातले असतात, हे ध्यानात घ्यावे.

आता प्रश्न असा की, असे भांडण मुळात उभे का राहते? कारण उघड आहे. यंत्र एकाचे आणि बिल दुसऱ्याचे. जो यंत्र विकत घेतो त्याला जादा विजेची झळ लागत नाही, आणि ज्याला झळ लागते त्याला यंत्र बदलण्याचा अधिकार नसतो. यात कुणी दुष्ट असावा लागत नाही. व्यवस्थाच अशी आहे की दोघेही आपापल्या जागी शहाणे, आणि नुकसान मात्र कायम. याला उपाय लेखी कराराचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. आणि करार नोंदविलेला नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सलाही हेच कलम लागू आहे. तेव्हा त्या करारातच एसीची ओळ घालावी. घरात पाऊल टाकण्याच्या दिवशी दोघांनी मिळून वरील तपासणी करावी, आकडे लिहावेत, दोघांनी सह्या कराव्यात. फिल्टर आणि वापर यांची जबाबदारी राहणाऱ्याची. गळती, कंप्रेसर आणि जोडण्या यांची जबाबदारी मालकाची, असे स्पष्ट लिहावे. घर सोडताना पुन्हा तेच मोजावे. मग अनामत रक्कम कापण्यासाठी "एसी तू बिघडवलास" असे म्हणता येत नाही, आणि खरोखरच बिघडविला असेल तर भाडेकरूलाही नाकारता येत नाही.

शेवटी यंत्रावर सगळाच भार टाकू नये, हेही सांगितले पाहिजे. यंत्र नीट असून खोली तापत असेल, तर एसी बंद केल्यावर तापमान किती लवकर चढते ते पाहावे. अर्ध्या तासात चार-पाच अंश चढले, तर चोर गच्चीत किंवा पश्चिमेच्या भिंतीत आहे. आमच्या सभासदाच्या खोलीत तो गच्चीत होता. घरमालकांनी चुना आणला, आमच्या चार पोरांनी एका रविवारी सकाळी गच्चीला पांढरे हात मारले. काकूंनी सर्वांना पन्हे दिले. रिमोटवरचा आकडाही त्याने १८ वरून २५ वर नेला, आणि सोबत छताचा पंखा लावला. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून यावेत असा सरकारी नियम आहे, तो काही उगाच नव्हे.

बंधूंनो, आम्ही कारखान्याच्या दारांत पुष्कळ घोषणा दिल्या आहेत आणि त्यांची लाज आम्हांस वाटत नाही. परंतु त्या तरुणाला झोप मिळाली ती घोषणेने नव्हे. दोन थर्मामीटर, एक घड्याळ आणि एक कागद यांनी. पुढच्या आठवड्यात तो कचेरीत वर्गणी भरावयास आला. आम्ही विचारले, "कसं काय?" म्हणाला, "झोप होते आहे, काका." आणि तो तसाच पाळीवर गेला.